टेसासाठी प्रार्थना

आमच्या वेंडेलने बायकोला कोठारात खुर्चीला बांधलंय, तिच्या तोंडाला फडकं लावलंय आणि स्वतः समोर बादली उपडी घालून सफरचंद खात बसलाय, हे पाळकसाहेबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्याला आता बरीच वर्षं झाली, पण विलो फोर्कमध्ये हा किस्सा निघाला की लोक अजून पोट धरून हसतात. बिचारे पाळक नुकतेच आमच्या चर्चमध्ये आले होते. नेब्रास्कातली शेतकरी माणसं साधीभोळी असतात असं त्यांना कोणीतरी सांगून पाठवलेलं. ते दारातच थिजले. वेंडेल म्हणाला, "या ना, बसा. तिचं होईलच एवढ्यात." आणि ट्वायला फडक्यातून ऊं ऊं करत होती. त्याचा अर्थ 'मला सोडू नकोस, डावा हात निघत आलाय' असा होता, हे पाळकांना कुठून कळणार?

ट्वायला माझी भावजय. वेंडेल माझा धाकटा भाऊ. मी अर्डिस. माझा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात गेला, आणि लिहिण्याशी माझा संबंध एवढाच की ट्वायलाची प्रत्येक कादंबरी छापायला जायच्या आधी मी वाचते आणि चुका काढते. चुका काढायला मला मनापासून आवडतं. वेंडेल म्हणायचा, तुला स्वर्गात घेतलं तर पहिल्या दिवशी तू दाराच्या बिजागऱ्या तपासशील.

करून पाहिल्याशिवाय लिहायचं नाही, हा ट्वायलाचा नेम. कादंबरीतली बाई गाडीच्या डिकीत कोंडली जाणार असेल तर ट्वायला आधी डिकीत. बाई नाल्यातून पळणार असेल तर ट्वायला थंडीत गुडघाभर पाण्यात, आणि मी काठावर टॉवेल घेऊन शिव्या घालत उभी. एकदा तर वेंडेलने जुना फ्रीजर रिकामा करून, त्याची तार काढून, हिला आत बसवलं आणि झाकणावर हात ठेवून उभा राहिला. "अगं, मरशील!" मी ओरडले. आतून आवाज आला, "अर्डिस, बोलू नकोस, मला भीती वाटू दे जरा!"

तिच्या पुस्तकांचं मुखपृष्ठ ठरलेलं. एक बाई पळतेय आणि मागे वळून बघतेय. आतले नियमही ठरलेले. पहिल्या प्रकरणात कोणीतरी मेलंच पाहिजे. नायक पोलिसातला किंवा आगीच्या बंबावरचा, देवावर रुसलेला. त्याचा रुसवा गेल्याशिवाय त्याने बाईला मागणी घालायची नाही, आणि मुका शेवटच्या पानावर, तोही एकच. खुन्याने गळा दाबावा, घर पेटवावं, पण तोंडातून शिवी काढायची नाही. मी तिला म्हणायचे, "हा तुझा खुनी इतका सभ्य आहे की आपण त्याला चर्चच्या रविवारच्या शाळेत पोरांना शिकवायला ठेवू." ती हसून लोटपोट व्हायची. पण नियम मोडायची नाही. तिची वाचणारी माणसं म्हणजे चर्चला जाणारी भाविक मंडळी, हे तिला चांगलं माहीत होतं.

आणि प्रत्येक पुस्तकात एक अंधारातली प्रार्थना. हे नाव तिच्या प्रकाशनातल्या ब्रुकने दिलेलं. बाई कुठेतरी कोंडलेली आहे, वाचायची आशा उरलेली नाही, आणि तिथे ती तोंड उघडते. मग दार उघडतं. लोक ती पानं कापून फ्रीजवर चिकटवत. कोणी आईच्या उशाशी दवाखान्यात वाचून दाखवत. तर ही प्रार्थनासुद्धा ट्वायला आधी स्वतः करायची. खोलीचं दार लावून, गुडघ्यांवर बसून, मोठ्याने. मगच ती कागदावर उतरायची. त्या वेळी मी काही घेऊन गेले तर वेंडेल अंगणातूनच हात करायचा, थांब, आत काम चाललंय.

मग वेंडेल मक्याच्या कोठीत उतरला.

पत्र्याची कोठी, तीन माणसं एकावर एक उभी केली तरी पुरून उरेल अशी. मका ओला भरला की वर थर धरतो आणि खाली पोकळ राहतो. तो फोडायला आत उतरायचं नसतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तरी उतरतात मेले. माझा भाऊही उतरला. थर फुटला आणि मक्याने त्याला आत ओढून घेतलं.

सगळं गाव धावलं. पुरुषांनी करवतींनी पत्रा कापला, मका बाहेर वाहू लागला, फावडी चालली. बायका पिकअपजवळ हात धरून उभ्या होत्या. ट्वायला कोठीला दोन्ही तळवे लावून प्रार्थना करत होती. करवत थांबली की तिचा आवाज ऐकू यायचा. तशी प्रार्थना मी उभ्या आयुष्यात ऐकली नाही. जोलीन, जिचं गावात केस कापायचं दुकान आहे, ती नंतर म्हणाली, अगदी पुस्तकातल्यासारखी होती गं.

वेंडेलला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या तोंडात दाणे होते. ते मी माझ्या बोटांनी काढले.

मी देवाशी भांडले. अजून भांडते. भांडी घासता घासता त्याला असं काही सुनावते की आमच्या पाळकांच्या कानातले किडे झडतील. पण ट्वायला? मी तिला म्हटलं, "तूही भांड. बरं वाटतं."

ती म्हणाली, "भांडायला तरी समोर कोणीतरी असावं लागतं, अर्डिस. मी बोलायला जाते आणि गळा बंद होतो. त्या दिवसापासून एक शब्द नाही."

हे तिने एकट्या मला सांगितलं. दुसऱ्या कोणाला सांगणार? आमच्या चर्चची माणसं वाईट नाहीत. नवरा गेला तर महिनोन् महिने जेवण आणून देतील, अंगणातलं गवत कापून देतील. पण माझ्याने प्रार्थनाच होत नाही, असं त्यांच्यासमोर म्हणायची सोय नाही. त्यातून म्हणणारी कोण, तर ट्वायला न्यक्विस्ट! प्रत्येक नव्या पुस्तकाच्या वेळी ती प्रकाशनाला आपली श्रद्धा काय ते लिहून देते आणि खाली सही करते. तिची पानं लोकांच्या फ्रीजवर आहेत. ती बाई उठून हे म्हणाली असती तर पुस्तकं गेली असती, वाचणारी माणसं गेली असती, आणि वेंडेलनंतर तिच्याजवळ दुसरं होतं तरी काय?

म्हणून ती पुढचं पुस्तक लिहायला बसली. नायिकेचं नाव टेसा. ती कुठे कोंडली जाणार, तर मक्याच्या कोठीत!

पानं वाचून माझ्या डोक्याची शीर उठली. "दुसरी जागा मिळाली नाही का गं तुला?"

"हिला तरी बाहेर काढायचं होतं मला," ती म्हणाली.

पण टेसा बाहेर येईना. मका छातीपर्यंत आला आणि पानं संपली. आता टेसाने तोंड उघडायचं, प्रार्थना करायची, आणि मग कोल नावाचा तो पोलीस पत्रा कापत येणार. पुढचं सगळं लिहून तयार होतं, लग्नसुद्धा. मधली एक प्रार्थना तेवढी नव्हती. ब्रुकचे फोन यायचे. एकदा मी शेजारीच बसले होते. "अगं ट्वायला, एवढंच राहिलंय ना? प्रार्थना म्हणजे तुझ्या डाव्या हातचा मळ!" ट्वायला हो हो म्हणाली आणि फोन ठेवून ओल्या फडक्याने टेबल पुसत बसली. टेबल स्वच्छच होतं.

एकदा दुपारी मी सूप घेऊन गेले तर घरात कोणी नाही. हाका मारल्या. मागच्या अंगणात गेले, आणि पाहते तर कोठीचं खालचं दार किलकिलं. पत्र्याला ठिगळ मारून ती पुन्हा उभी केली होती, पण जमीन शेजाऱ्याने कसायला घेतल्यापासून रिकामीच होती. वाकून आत गेले. ट्वायला वेंडेलचा कोट घालून मधोमध गुडघ्यांवर बसलेली.

"अगं बये! काय चाललंय हे?"

"करून पाहतेय," ती म्हणाली.

"मग? आलं काही?"

"इथे सगळं घुमतं. माझा श्वाससुद्धा मलाच परत ऐकू येतो. बाकी काही नाही." मग ती रडायला लागली. "मी खोटारडी आहे, अर्डिस. लोकांना वाटतं मी दार उघडून देते. माझंच दार लागलंय."

मी सूपचं भांडं बाजूला ठेवून तिच्याजवळ खाली बसले. मग माझे गुडघे इतके आखडले की मला उठताच येईना. तिने मला काखेत हात घालून ओढलं, मी कण्हत कण्हत उठले, आणि रडता रडता ती जरा हसली.

त्याच आठवड्यात बुधवारी तो प्रकार झाला.

बुधवारी संध्याकाळी आम्ही चर्चच्या तळघरात गोल बसतो आणि कशासाठी प्रार्थना करायची ते सांगायची एकेकाची पाळी येते. कोणाचं ऑपरेशन असतं, कोणाची लेक बाळंतपणाला आलेली असते. ज्याला उघड सांगायचं नसतं तो नुसतं 'मनातली' म्हणतो. मग कोणी विचारत नाही, त्याच्या मनातल्या गोष्टीसाठी प्रार्थना होते आणि पाळी पुढे जाते. वेंडेल गेल्यापासून ट्वायला दर बुधवारी 'मनातली' म्हणत होती. त्या दिवशीही म्हणाली. पण जोलीनला कुठे राहवतंय! निरोपांची साखळी तिच्याकडे आहे. कोणासाठी काय मागायचं ते ती फोन करून पुढच्या बाईला सांगते, ती पुढचीला, आणि तासाभरात गावभर.

"मनातली, मनातली! किती दिवस कोंडून ठेवणार आहेस?" जोलीन म्हणाली. "नाव तरी सांग बाई. देवालासुद्धा पत्ता लागतो!"

सगळे हसले. ट्वायला मांडीवरच्या हातांकडे बघत होती. "टेसा," ती म्हणाली. "टेसासाठी प्रार्थना करा. ती कोंडली गेलीय. तिला बाहेर पडता येत नाही. आणि तिला प्रार्थना करता येत नाही."

हसणं तिथल्या तिथे थांबलं. टेसा म्हणजे कोण, हे त्या खोलीत मला एकटीला माहीत होतं, आणि मी ओठ घट्ट मिटून घेतले. जोलीनने लगेच मान खाली घातली. "प्रभू," ती म्हणाली, "ही टेसा कोण, कुठली, आम्हाला ठाऊक नाही. तिला बोलता येत नसेल तर राहू दे. तिच्या वाटचं आम्ही बोलतो. तू फक्त दार कुठे आहे ते बघ."

दुसऱ्या दिवशी गावभर टेसा झाली. नवरा कोंडून ठेवतो म्हणे. नाही, नवरा नाही, सासरा. ट्वायलाला पत्र लिहिणारी कोणी वाचक असणार, मिसूरीकडची. म्हातारा हार्लन मला किराणा दुकानात गाठून म्हणाला, "माझा पिकअप आहे आणि दोन दांडगे पुतणे आहेत. कुठे जायचं तेवढं सांग." जोलीनने तर शिवणखोली रिकामी करून तिथे पलंग घातला. केस कापता कापता तिने ट्वायलाला विचारलं, "सपाता आणायच्यात. तिच्या पायाचं माप काय गं?"

"माझ्याएवढंच," ट्वायला म्हणाली.

मला हसू येत होतं आणि धडकीही भरत होती. गाडीत मी तिला धरलं. "आता सांगून टाक. हार्लन पुतण्यांना घेऊन मिसूरीला निघायच्या आत सांग."

"सांगेन."

"कधी? जोलीनने पडदे लावल्यावर?"

तिने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. "अर्डिस, बुधवारी कोणीतरी माझ्या वाटचं बोलतं. मला फक्त मान खाली घालून बसायचं असतं. त्या वेळी, तेवढ्यापुरतं, पत्रा कोणीतरी बाहेरून ठोकतंय असं वाटतं मला. हे गेलं तर माझ्याजवळ काही नाही. राहू दे ना."

मी म्हटलं, "चल, गाडी काढ, दूध नासेल."

अशा काही बुधवारांनंतर ब्रुकने घोळ घातला. ट्वायलाला हुरूप यावा म्हणून तिने नव्या पुस्तकाचं मुखपृष्ठ फेसबुकवर टाकलं. मक्याची कोठी, पळणारी बाई, आणि खाली ठळक अक्षरांत, 'टेसा कोंडली गेली आहे. तिची हाक कोण ऐकेल?'

बुधवारी जोलीन तळघराच्या पायऱ्या उतरली ती फोन नाचवतच. "बघा! बघा ही आपली टेसा! कागदी बाईसाठी मी पलंग घातला! सपाता आणल्या, आतून लोकरीच्या!" फोन या हातातून त्या हातात गेला आणि जो काही हशा पिकला! हार्लन डोळे पुसत म्हणाला, "माझे पुतणे तर बाह्या सरसावून बसलेत." पाळक म्हणाले, "देवदूत बिचारे अजून मिसूरीत घरं शोधत फिरत असतील." कोणी रागावलं नाही. आमच्याकडे असं हसतात तेव्हा माफ केलेलं असतं.

आणि ट्वायला त्यांच्यात हसली. इतकं चांगलं हसली की मला भीती वाटली. "चुकलंच माझं," ती म्हणाली. "काय करू, माझी माणसं मला खरीच वाटतात."

"चला, टेसा सुटली एकदाची!" जोलीनने टाळी दिली. "आता पाळ्या. ट्वायला, तुझी स्वतःची काही?"

"नाही," ट्वायला म्हणाली. "माझं सगळं बरं आहे."

'मनातली'सुद्धा म्हणाली नाही ती. हात मांडीवर, पाठ ताठ, ओठांवर ते हसू. कोठीत गुडघ्यांवर बसली होती तेव्हाही ती इतकी एकटी दिसली नव्हती. पुढची पाळी माझी. माझी विनंती ठरलेली, गुडघे. सगळे आधीच माझ्या गुडघ्यांकडे बघत होते.

"टेसासाठी," मी म्हटलं.

पुन्हा हशा. "अर्डिस, तू पण!" हार्लन खिदळला.

मग माझा पारा चढला. "दात आवरा!" मी ओरडले. "हसता काय? मुखपृष्ठ छापलं म्हणून बाई सुटते का? टेसा अजून आत आहे."

पाळक काही बोलायला गेले आणि थांबले. जोलीन माझ्याकडे बघत राहिली. मग ट्वायलाकडे. मग हळूच तिची नजर खाली गेली, ट्वायलाच्या पायांवर, तिच्या बुटांवर, आणि तिचा चेहरा उतरला.

"अगं बाई गं," ती पुटपुटली.

ती उठली, ट्वायलासमोर गुडघे टेकून बसली आणि तिचे दोन्ही हात धरले. "प्रभू," जोलीन म्हणाली, "टेसा." पुढे तिला बोलताच येईना. दुकानात दिवसभर तोंड बंद नसलेली बाई, पण शब्द फुटेना. खुर्च्या सरकल्या, हार्लनने टोपी काढली, आणि कोणी काही न बोलता आम्ही तसेच बसलो. ट्वायलाने मान वर केली नाही. तिचे खांदे हलत होते, आणि तिचे अश्रू जोलीनच्या मनगटावर पडत होते.

पुस्तक वेळेवर गेलं. टेसा कोठीत म्हणते, 'मला बोलता येत नाही. माझ्या वाटचं कोणी बोलत असेल तर त्याचं ऐक. दार कुठे आहे ते बघ.' मग करवतीचा आवाज येतो. ब्रुक म्हणे फोनवर रडली, आजवरची सगळ्यात सुंदर प्रार्थना म्हणाली. मी ते पान वाचलं आणि ट्वायलाला विचारलं, "हे करून पाहिलंस?"

"नाही," ती म्हणाली. "हे पहिल्यांदाच न करता लिहिलं."

त्यात चूक काढायला मला काही मिळालं नाही.

आता ते पान लोकांच्या फ्रीजवर आहे. जोलीनच्या दुकानात आरशालाही आहे. गिऱ्हाईक वाचून हळहळलं की जोलीन म्हणते, "आमची ट्वायला आधी स्वतः करून पाहते, मगच लिहिते," आणि माझ्याकडे न बघता कात्री चालवते. ब्रुकला पुढच्या पुस्तकात विहीर हवी आहे. ट्वायलाने हो म्हटलंय. दुसरं काय म्हणणार?

बुधवारी तिची पाळी आली की आता ती बोलेपर्यंत कोणी थांबत नाही. जोलीनच "टेसा" म्हणते आणि आम्ही माना खाली घालतो. परवा एक नवीन सूनबाई आली होती. तिने माझ्या कानात विचारलं, "टेसा कोण हो?"

"आमच्या घरातली आहे," मी म्हटलं. "कोंडली गेलीय."

"मग सुटली का?"

"नाही अजून," मी म्हटलं. "मान खाली घाल."